हिमालयनला स्टील ब्रेडेड ब्रेक लाइन: कंपनीआधी ठरवायच्या गोष्टी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे २०१९ सालची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली, आहे. ती रत्नागिरी परिसरात चालते. रायझर लावून हँडल ३० मिलिमीटर उंच केले आहे आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर आता मऊ लागतो. मूळचे रबरी पाइप काढून स्टील ब्रेडेड (स्टीलच्या तारांची जाळी चढवलेल्या) लाइन बसवायच्या आहेत, तर कंपनी कोणती घ्यावी, लांबी किती ठेवावी, बँजो (लाइनच्या टोकाचे भोक असलेले धातूचे कडे) कसणारे बँजो बोल्ट कोणते लागतील, एबीएसला काही बाधा येईल का, आणि गावातला हायड्रॉलिक पाइपवाला बनवून देतो म्हणतो ते चालेल का, असे आपण विचारले आहे. यातला कंपनीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेणार आहे, कारण नामांकित उत्पादकांची नळी एकमेकींहून फारशी निराळी नसते. लाइन चांगली ठरते किंवा फसते ती तिची लांबी, तिच्या टोकांचे कोन आणि ती गाडीवर कोणत्या वाटेने नेली आहे यावर.

त्याआधी लिव्हर मऊ का झाला हे तपासून घ्यावे. लिव्हर दोनतीनदा भरभर दाबल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर दोष बहुधा आत अडकलेल्या हवेचा किंवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मोकळा सरकत नसल्याचा असतो. सारखा दाब देऊन धरल्यावर तो सावकाश हँडलकडे बसत जात असेल आणि बाहेर कुठेच गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचे, सील तपासावे लागेल. हे दोन्ही नसून लिव्हर दर वेळी तितकाच लवचिक लागत असेल, आणि कुणाला तरी लिव्हर घट्ट धरायला सांगून आपण पाइप मुठीत धरला असता तो फुगल्याचे हाताला कळत असेल, तरच पाइपला दोष द्यावा. हिमालयनचा पुढचा कॅलिपर दोन पिस्टनचा, पण तरंगता, म्हणजे पिनांवर सरकणारा, आहे. त्याच्या सरकपिना खाऱ्या हवेत आणि चिखलात कोरड्या पडल्या की डिस्क किंचित वाकवूनच पॅड तिला टेकतात आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. पिना साफ करून सिलिकोन ग्रीस लावणे आणि ब्रेक ऑइल बदलून हवा काढणे एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. साधे चाकाचे ग्रीस तिथे लावू नये, त्याने पिनांवरची रबरी टोपणे फुगतात.

तरीही पाइप बदलण्याचा आपला विचार चुकीचा नाही. अनेक जपानी गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत रबरी ब्रेक पाइप दर चार वर्षांनी आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगितलेले असते, आणि २०१९ च्या गाडीवरचे मूळ पाइप ती मुदत केव्हाच ओलांडून गेले आहेत. जुन्या रबराचा आणखी एक दोष असा की त्याचे आतले अस्तर सुजून मार्ग अरुंद होतो. मग लिव्हर दाबल्यावर दाब जातो, पण सोडल्यावर लवकर परत येत नाही, ब्रेक अर्धवट धरून राहतो आणि डिस्क विनाकारण तापते.

ब्रेडेड लाइनने नेमका किती फरक पडतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १३ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर तो १ मिलिमीटर सरकल्यावर सुमारे ०.१३ घन सेंटिमीटर द्रव ढकलला जातो. बोटे जिथे टेकतात तिथे आणि पिस्टनपाशी होणाऱ्या हालचालींचे प्रमाण सहास एक धरू. म्हणजे दाबाखाली पाइप केवळ ०.१ घन सेंटिमीटरने फुगला, तरी पिस्टनला पाऊण मिलिमीटर जादा सरकावे लागते आणि बोटांखाली लिव्हर साडेचार मिलिमीटर अधिक आत येतो. स्टीलच्या जाळीने ही फूग जवळजवळ नाहीशी होते, लिव्हर कुठे धरतो ते स्पष्ट कळते आणि दाब मोजून देता येतो. मात्र गाडी थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांवर ठरते. आंबा घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळले, तर ब्रेडेड लाइन काही वाचवणार नाही. तिथे ताजे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल आणि इंजिन ब्रेकिंगच उपयोगी पडते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर मानकात धरलेली किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते, आणि कोकणात हा ओलावा शोषला जायला वेळ लागत नाही.

गावातल्या हायड्रॉलिक पाइपवाल्याबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि त्यात त्याच्या कौशल्याचा काही प्रश्न नाही. जेसीबी, ट्रॅक्टर किंवा प्रेसच्या पाइपांना आतून नायट्राइल जातीचे रबर असते, कारण त्यांतून खनिज तेल वाहते. ब्रेक ऑइल म्हणून आपण जे भरतो ते ग्लायकोल इथरवर आधारलेले द्रव असते आणि त्यात नायट्राइल रबर फुगून मऊ पडते. गाडीच्या मूळ ब्रेक पाइपात म्हणूनच ईपीडीएम रबर वापरतात. बाहेरून तशीच जाळी आणि तसाच प्रेस केलेला कॉलर (टोकाशी नळीवर दाबून बसवलेली धातूची बाही) दिसला, तरी आतला माल वेगळा असतो आणि तो बिघडल्याचे बाहेरून कळत नाही. दुचाकीच्या ब्रेडेड लाइनमध्ये आत पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, सुमारे ३ मिलिमीटर पोकळीची नळी असते, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आणि त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते. टेफ्लॉनला ग्लायकोल सोसते आणि त्यातून ओलावाही रबरापेक्षा पुष्कळ कमी झिरपतो.

टेफ्लॉनची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. ते एकदा मुडपले की सरळ केल्यावरही तो मोड आतून कायम राहतो. रबरी पाइप चुकून दुमडला तर पूर्ववत होतो, ब्रेडेड लाइन दुमडली की टाकून द्यावी. या जाडीच्या नळीसाठी वळणाची त्रिज्या ४० मिलिमीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये, असा ठोकताळा मी पाळतो. लांबी आणि टोकांचे कोन यांचा पुढचा सगळा विचार याच मर्यादेत करायचा आहे.

आता लांबी. हिमालयनच्या पुढच्या सस्पेन्शनची चाल २०० मिलिमीटर आहे, जी आपल्याकडच्या सर्वसाधारण रस्त्यावरच्या गाडीपेक्षा बरीच अधिक आहे. त्यामुळे गाडी मधल्या स्टँडवर उभी असताना टेप लावून घेतलेले माप पुरेसे नसते. इंजिनखाली आधार देऊन पुढचे चाक अधांतरी लोंबू द्यावे, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होतो. त्या स्थितीत हँडल डावीकडे आणि उजवीकडे अगदी टोकापर्यंत वळवून पाहावे. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर उजव्या मुठीशी असल्याने हँडल डावीकडे पूर्ण वळवले असता तो पुढे जातो आणि त्याच्यापासून एबीएसच्या मॉड्युलेटरकडे (ब्रेकचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या लाइनवर बहुधा तेव्हाच सर्वाधिक ताण येतो. रायझरने वाढलेले ३० मिलिमीटर इथेच जाणवतात. म्हणून या वरच्या तुकड्याची लांबी मूळ पाइपापेक्षा वाढवावी लागेल, पण ३० मिलिमीटर डोळे मिटून मिळवू नयेत. रायझरने हँडल मागेही सरकले असेल तर हिशेब बदलतो. माझी पद्धत अशी की ७-८ मिलिमीटर जाडीची, थोडी ताठ, आवरण असलेली विजेची वायर घ्यायची, ती मूळ पाइपाच्या वाटेने, त्याच क्लिपांमधून फिरवायची, दोन्ही टोकांना बँजोच्या भोकाच्या मध्याशी चिकटपट्टीने खूण करायची आणि मग हँडल व फोर्क सर्व टोकांना नेऊन पाहायचे. वायर कुठेही ताणली जात नाही आणि कुठेही लोंबत नाही अशी लांबी मिळाली की ती एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजावी. पुरवठादार नेमकी हीच लांबी धरतो की फक्त नळीची, हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्यावे. इथल्या गैरसमजाने दोन्ही टोकांचे मिळून काही सेंटिमीटर सहज इकडचे तिकडे होतात.

मॉड्युलेटरपासून कॅलिपरपर्यंतच्या खालच्या तुकड्याला रायझरशी काही घेणेदेणे नाही. त्याची लांबी मूळ पाइपाइतकीच ठेवावी. इथे जास्तीची लांबी हीच अडचण होते, कारण फोर्क पूर्ण दबतो तेव्हा उरलेल्या लाइनचा फुगवटा बाहेर येतो आणि तो २१ इंची चाकाच्या गुंड्यांच्या टायरला टेकण्याची शक्यता असते. शक्य असल्यास फोर्कच्या वरच्या टोप्या सोडून आणि स्प्रिंगा काढून फोर्क हाताने पूर्ण दाबून पाहावा. एवढा खटाटोप करायचा नसेल, तर दोन माणसांनी हँडलवर भार देऊन जेवढा दबेल तेवढा दाबावा आणि उरलेल्या अंतराचा अंदाज घ्यावा. मागच्या लाइनसाठीही तत्त्व हेच आहे, फक्त तिथे स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली होणाऱ्या भागाची) हालचाल पाहायची.

टोकांचे कोन हा विषय ऑर्डर देताना सर्वांत दुर्लक्षित राहतो. बँजो सरळ, २० अंश, ३० अंशांच्या आसपास, ४५ अंश, ९० अंश अशा कोनांत मिळतात आणि काही बँजो बाजूला वळलेले असतात. मूळ पाइपावर टोकाजवळ धातूची वाकवलेली नळी असेल, तर तिची जागा योग्य कोनाच्या बँजोनेच भरून निघते. तिथे सरळ बँजो लावून लाइन वाकवली, की कॉलरच्या अगदी मुळाशी मोड येतो आणि जाळीच्या तारा तिथूनच तुटू लागतात. दुसरे म्हणजे, दोन टोके एकमेकांच्या संदर्भात किती फिरलेली आहेत हेही महत्त्वाचे असते. जुना पाइप काढल्यावर तो पीळ न देता कागदावर ठेवावा, दोन्ही बँजोंची दिशा पेन्सिलीने आखावी आणि प्रत्येक टोकाचा समोरून व बाजूने फोटो काढून पुरवठादाराला पाठवावा. बसवताना लाइनमध्ये पीळ राहिला तर दाब आल्यावर ती तो सोडवू पाहते आणि जोड सैल होतो. काही उत्पादकांचे बँजो कसण्याआधी नळीवर फिरवता येतात. आपल्यासारख्या, लांबी बदललेल्या गाडीला मी तेच घ्यायला सांगेन.

बँजो बोल्टच्या बाबतीत १० मिलिमीटर एवढेच सांगून भागत नाही, आट्यांची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, सांगावी लागते. जपानी बनावटीच्या ब्रेकना बहुधा एम१० × १.२५ लागतो आणि ब्रेम्बो घराण्याच्या ब्रेकना बहुधा एम१० × १.०. हिमालयनचे कॅलिपर बायब्रे या नावाचे, म्हणजे ब्रेम्बोच्या लहान गाड्यांसाठीच्या शाखेचे, आहेत. पुण्याजवळच्या चाकणला ब्रेम्बोचा कारखाना असल्याने हे ब्रेक आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवर दिसतात. तरीही केवळ नावावर विसंबून न राहता आपला जुना बोल्ट काढून पिच गेजने तपासावा, आणि मास्टर सिलिंडर, मॉड्युलेटर व कॅलिपर या तिन्ही ठिकाणचे बोल्ट वेगवेगळे तपासावेत. गेज नसेल तर व्हर्नियरने दहा आट्यांचे अंतर मोजावे. ते १० मिलिमीटरच्या आसपास आले तर पिच १.०, आणि साडेबाराच्या आसपास आले तर १.२५. चुकीच्या पिचचा बोल्ट पहिले एकदोन फेरे मुकाट्याने आत जातो आणि मग जड होतो. तिथे पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमच्या मास्टर सिलिंडरचे आटे गेलेच म्हणून समजावे. बोल्टची लांबीही जुळली पाहिजे. एका बँजोच्या जागी दोन बँजोंचा लांब बोल्ट लावला तर तो तळाला टेकतो, बाहेरून घट्ट वाटतो आणि वॉशर मात्र दाबले जात नाहीत. जुना बोल्ट गंजलेला नसेल तर तोच पुन्हा वापरण्यात काही गैर नाही. वॉशर मात्र दर वेळी नवे लागतात, एका बँजोला दोन आणि एकाच बोल्टवर दोन बँजो असतील तर तीन.

आपल्याकडची हवा लक्षात घेता बँजो, कॉलर आणि बोल्ट सर्व स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. रंगीत ॲल्युमिनियमचे बँजो फोटोत शोभतात, पण समुद्राकाठी ॲल्युमिनियम आणि स्टील एकत्र आले की पांढरी भुकटी धरते आणि पुढे बोल्ट सोडवणे अवघड होते. जस्ताचा मुलामा दिलेले कॉलर रत्नागिरीच्या एकदोन पावसाळ्यांत तांबूस दिसू लागतात. आवरण नसलेली उघडी जाळी अजिबात घेऊ नये. ती कानशीसारखी काम करते आणि जिथे टेकेल तिथला रंग, प्लॅस्टिक, वायरीचे आवरण, प्रसंगी फोर्कचा नळा झिजवते. शिवाय जाळीत शिरलेली वाळू आतून टेफ्लॉनला घासते. पारदर्शक आवरण उन्हाने पिवळे पडते, पण आत तुटलेली तार किंवा गंज त्यातून दिसतो, म्हणून माझी पसंती काळ्यापेक्षा त्यालाच आहे.

आणखी एक बारीक गोष्ट बसवताना बहुतेकांना अडते. मूळ रबरी पाइप १० मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि गाडीवरच्या क्लिपा त्या मापाच्या असतात. ब्रेडेड लाइन आवरणासकट साडेसात मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे ती त्याच क्लिपेत सैल राहून पुढेमागे घासत राहते. प्रत्येक क्लिपेच्या जागी लाइनवर रबरी बाही चढवावी. तिचा एक तुकडा आठवणीने सोबत मागवावा. पुढच्या चाकाच्या एबीएस सेन्सरची वायर मूळ पाइपाला जिथे बांधलेली असेल, तिथे ती नव्या लाइनलाही तशीच बांधली पाहिजे, नाहीतर खडबडीत रस्त्यावर ती टायरला लागून तुटते.

एबीएसबद्दल आपली शंका रास्त आहे. १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात एबीएस अनिवार्य झाले. हिमालयनला ते २०१८ मध्ये आले, दोन्ही चाकांसाठी. म्हणून आपल्या गाडीला दोन नव्हे, चार लाइन लागतात: दोन्ही मास्टर सिलिंडरपासून मॉड्युलेटरपर्यंत आणि तिथून दोन्ही कॅलिपरपर्यंत. एबीएस नसलेल्या जुन्या हिमालयनसाठीचा दोन लाइनचा संच कुणी स्वस्तात देऊ केला, तर तो आपल्या कामाचा नाही. मॉड्युलेटर वगळून मास्टर सिलिंडर थेट कॅलिपरला जोडण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मानू नये. मॉड्युलेटरपाशी प्रत्येक ठिकाणी बँजोच आहे, की धातूच्या नळीचा फ्लेअर नट (नळीचे रुंदावलेले मुख कसून धरणारा नट) आहे, हे सीट आणि टाकी काढून प्रत्यक्ष पाहावे आणि मगच ऑर्डर द्यावी. फ्लेअर नट असेल तर मुखाचा आकार जुळणारे टोक लागते, आणि ते खात्रीने जुळत नसेल तर धातूची नळी तशीच ठेवून पुढचा लवचिक भाग तेवढा बदलावा. ताठ लाइनमुळे एबीएस बिघडत नाही. ते काम करत असताना लिव्हरला येणारे धक्के थोडे स्पष्ट जाणवतात, इतकेच.

नळीवर टोक बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत कॉलर यंत्राने दाबून कायमचा बसवलेला असतो, दुसरीत पितळी ऑलिव्ह (दाबून बसणारे लहान कडे) घालून टोक आट्यांनी कसतात. दुसऱ्या प्रकारात घरी लांबी कमी करता येते, पण ऑलिव्ह एकदाच वापरायचे असते आणि जाळीची एक तार जरी ऑलिव्हखाली सापडली तरी जोड पाझरतो. लांबी नीट मोजली असेल तर कारखान्यात दाबून, दाबचाचणी करून आलेली लाइनच घ्यावी. अमुक हजार पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) फुटत नाही या जाहिरातीला फार भुलू नये. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या सुरक्षा मानकात या मापाच्या होजला (लवचिक ब्रेक पाइपाला) फुटण्याची किमान मर्यादा ७००० पीएसआय आहे, आणि बोटांच्या जोराने दुचाकीच्या ब्रेकमध्ये तयार होणारा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. मला त्याच मानकातली दुसरी चाचणी अधिक बोलकी वाटते, जिच्यात दाबाखाली असलेला होज सलग ३५ तास फिरवत वाकवतात, कारण प्रत्यक्षात लाइन टोकाजवळच्या सततच्या वाकण्यानेच निकामी होते. भारतात या वस्तूसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. लाइनवर किंवा तिच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव, मानकाचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख यांपैकी काहीच नसेल, तर ती परत करावी. गुडरिज, हेल आणि वेनहिल या ब्रिटिश कंपन्या, स्पेनची गॅल्फर, जर्मनीची श्पीगलर ही नावे या कामात जुनी आहेत. यांपैकी जो पुरवठादार आपण दिलेल्या लांबीला आणि कोनांना लाइन बनवून देईल आणि बिलावर ती मापे लिहून देईल, त्याच्याकडून घ्यावी. तयार संच मूळ हँडलच्या उंचीला बनवलेला असतो, त्यामुळे त्यातला वरचा तुकडा आपल्याला आखूड पडेल.

बसवताना एका वेळी एकच लाइन बदलावी आणि मॉड्युलेटरची उघडी तोंडे लगेच बंद करावीत, म्हणजे तो रिकामा होऊन आत हवा शिरणार नाही. टाकीवर ओले फडके अंथरावे, कारण ब्रेक ऑइलने रंग जातो. बोल्ट आधी हाताने बसवून लाइनची दिशा लावावी आणि मग टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला कसावे. एम१० च्या स्टील बोल्टला तो साधारण २० ते ३५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, ॲल्युमिनियमच्या बोल्टला बराच कमी. हवा कॅलिपरपासून काढून झाल्यावर मास्टर सिलिंडरच्या बँजोपाशीही काढावी, कारण तो सर्वांत उंच असतो आणि हट्टी बुडबुडा तिथेच दडतो. मग लिव्हर जोराने दाबून दोनतीन मिनिटे धरावा, प्रत्येक जोड कोरड्या टिशू कागदाने टिपून पाहावा, आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन लाइन कुठे ओढली जात नाही ना हे पुन्हा तपासावे. पहिली फेरी मोकळ्या सपाट जागेत, हळू वेगाने मारावी. ओल्या मातीच्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकेकदा जोरात दाबून एबीएस चालते का ते पाहावे आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझतो याची खात्री करावी. पुढच्या काही दिवसांत कागदाने टिपण्याची तपासणी एकदा पुन्हा करावी, आणि त्यानंतर दर वेळी ब्रेक ऑइल बदलताना कॉलरजवळच्या जाळीवर नजर टाकावी. तिथे एक जरी तुटलेली तार दिसली, तरी ती लाइन बदलायची.